पाच मिनिटांची फीत, पंचवीस मिनिटांची चर्चा

हैदराबादच्या महात्मा गांधी बसस्थानकात नांदेड-लातूरकडच्या गाड्या येऊन थांबतात. तिथून अफझलगंज पायी जाण्याएवढे जवळ आहे. मुशी नदीच्या उत्तर काठावर उस्मानिया रुग्णालयाचे घुमट, पलीकडच्या काठावर उच्च न्यायालय, मध्ये नया पूल. जवळच जांबागेत १९०७ पासून विवेक वर्धिनी ही मराठी मंडळींनी काढलेली शिक्षणसंस्था आहे. रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत तेलुगू, दख्खनी उर्दू, मराठी आणि कानडी अशा चार भाषा ऐकू येतात. इथे काम करणाऱ्या माणसाला काही शिकवायचे तर ते कोणत्या भाषेत, कोणत्या साधनाने आणि किती वेळात शिकवायचे, हा प्रश्न या परिसराला नवा नाही.

पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने वसलेल्या या भागात १८६६ साली, पहिले सालारजंग दिवाण असताना, अफझलगंज रुग्णालय सुरू झाले. २८ सप्टेंबर १९०८च्या मुशीच्या महापुरात ती इमारत गेली. आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. पुढे व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार उस्मानियाची आजची देखणी वास्तू उभी राहिली. महापुराआधी, जुन्या रुग्णालयाच्या काळात, हैदराबादेत वैद्यकीय प्रशिक्षणाच्या इतिहासातला एक मोठा अध्याय घडला होता.

रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी तेव्हा इथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. भुलीसाठी क्लोरोफॉर्म देताना रुग्णाच्या नाडीवर नव्हे, श्वासावर लक्ष ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिला ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला त्याचा निष्कर्ष पटला नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले, आणि १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’तर्फे टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख काढले गेले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. त्याच काळात या शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. पुस्तक वाचायचे, पण त्याहून अधिक टेबलाजवळ उभे राहून पाहायचे, ही त्या शाळेची रीत होती.

श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त योग्यच होती. पण क्लोरोफॉर्मचा हृदयाला थेट धोका नाही, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या भुलेतही हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा पगडा मोठा असतो. म्हणून पाहिल्यावर प्रश्न विचारण्याची सोयही तितकीच पक्की लागते. आज नोकरीच्या ठिकाणी छोट्या चित्रफिती दाखवून शिकवण्याची पद्धत जोरात आहे. तिची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही अफझलगंजच्या या जुन्या प्रकरणात दिसतात.

वाटाण्याच्या कोंबापासून

कामाचे चित्रण करून ते शिकवण्यासाठी वापरणे सिनेमाएवढेच जुने आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होईपर्यंतचे चित्रण केले. महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे टिपलेले ते दृश्य पडद्यावर काही क्षणांत उलगडले, आणि ते पाहून त्यांना भांडवल मिळाले. पुढे त्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर आणि चित्रपट कसा तयार होतो यावरही लघुपट केले. पौराणिक चित्रपटांच्या गर्दीत ही कामे झाकली गेली. पण कारागिराचे हात कसे चालतात हे पडद्यावर दाखवण्यात अर्थ आहे, हे या नाशिककर माणसाने फार लवकर ओळखले होते. त्याच दशकात अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य कामगारांच्या हालचालींचे चित्रण करून कोणती हालचाल वाया जाते ते शोधत होते.

दुसऱ्या महायुद्धात या साधनाची पहिली मोठी परीक्षा झाली. अमेरिकी सैन्याने नव्या भरतीच्या सैनिकांना फ्रँक काप्रा यांची ‘व्हाय वी फाइट’ ही चित्रपटमाला दाखवली. तिचा परिणाम मानसशास्त्रज्ञ कार्ल होवलँड आणि सहकाऱ्यांनी मोजला आणि १९४९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. सैनिकांची माहिती चांगलीच वाढली होती. काही मतेही थोडी बदलली होती. पण लढण्याची इच्छा वाढवणे हा त्या चित्रपटांचा खरा हेतू होता, आणि त्यावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. याच संशोधनात आणखी एक प्रयोग होता. बिनतारी संदेशातली वर्णमाला शिकवणारी चित्रपट्टी काही तुकड्यांनी नुसती पाहिली, तर काहींनी मध्येच मोठ्याने उत्तरे देत पाहिली. बोलणाऱ्यांना ती अधिक चांगली आली. अवघड शब्दांच्या बाबतीत हा फरक जास्तच ठळक होता.

ऐंशी वर्षे होत आली तरी या विषयात याहून उपयोगाचा धडा मिळालेला नाही. पडदा माहिती पोचवतो. वागणे बदलायचे असेल तर पाहणाऱ्याला बोलते करावे लागते.

भारतात १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली आणि तिचे माहितीपट देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी सक्तीने दाखवले जाऊ लागले. ते कोट्यवधी लोकांनी पाहिले. पण ते संपले की चित्रपट सुरू व्हायचा. त्यावर बोलायला जागाच नव्हती.

ब्रिटनमध्ये अँटनी जे आणि विनोदी अभिनेते जॉन क्लीझ यांनी १९७२ मध्ये ‘व्हिडिओ आर्ट्‌स’ ही कंपनी काढली. विक्री कशी करू नये, बैठक कशी चालवू नये, हे त्यांनी हसवत दाखवले. १९७६च्या ‘मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज’मध्ये क्लीझ यांनी रंगवलेला अधिकारी अजेंडा न करता बैठकीला बसतो आणि सगळा दिवस त्यात घालवतो. प्रेक्षक आधी हसतो आणि मग त्याला आपली सोमवारची बैठक आठवते.

पुण्यातला प्रयोग

मराठीत या वाटेने सर्वांत दूरवर गेल्या त्या सुमित्रा भावे. त्या मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवले. झोपडपट्टीतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन करताना ते ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. लिहिलेला अहवाल त्या बायका वाचणार नव्हत्या. म्हणून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘पाणी’ आला. सुनील सुकथनकर यांच्यासोबत पुढे तीन दशकांहून अधिक काळ हे काम चालले.

या जोडीच्या चित्रपटांचा विषय पुष्कळदा एखादा आजार आणि त्याच्याभोवतीची माणसे हा असे. ‘जिंदगी जिंदाबाद’ एचआयव्हीवर, ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर, तर ‘नितळ’ कोडावर. कोड असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या श्वेता असोसिएशनच्या डॉ. माया तुळपुळे ‘नितळ’च्या पाठीशी होत्या. मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांच्या निर्मितीत भाग घेतला. ‘कासव’ला २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले आगाशे, सिनेमा हे मानसिक आरोग्याच्या शिक्षणाचे साधन आहे हे जाहीरपणे मांडत आले आहेत. चित्रपट दाखवायचा आणि मग प्रेक्षकांशी बोलायचे, असे कार्यक्रम त्यांनी देशात आणि परदेशातल्या मराठी मंडळींमध्येही केले आहेत.

‘अस्तु’तला एक प्रसंग रुग्णालयाच्या प्रशिक्षणासाठीच लिहिल्यासारखा आहे. आगाशे यांनी साकारलेले डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ बाजूला जाते, आणि ते रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे निघून जातात. पुढे त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्मा कानडी बोलते, शास्त्रीबुवा मराठी-संस्कृतातले. दोघांना एकमेकांचे शब्द कळत नाहीत, तरी त्या बाईला त्यांची भूक कळते आणि भीतीही कळते. अफझलगंजच्या वॉर्डात नांदेडकडच्या आजोबांना तेलुगू बोलणारी आयाम्मा आंघोळ घालत असते, तेव्हा तिथेही हेच घडत असते. दोन भाषांतले दोन जीव एकमेकांना कसे सांभाळतात, हे व्याख्यानात सांगून कळत नाही. तीन-चार मिनिटांचे दृश्य दाखवून थांबावे आणि विचारावे, ‘या बाईने काय काय ओळखले? कशावरून?’ मग वॉर्डबॉय बोलतो, सिस्टर बोलतात, आणि अनुभवाचे जे गाठोडे एरवी कधीच उघडत नाही ते त्या खोलीत उघडते.

वैद्यकीय शिक्षणात या पद्धतीला जगभर मान्यता आहे. अमेरिकेतल्या मॅथ्यू अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘सिनेमेड्युकेशन’ हा शब्द रूढ केला. चित्रपटातले निवडक तुकडे दाखवून कुटुंब, दुःख, व्यसन, मृत्यू या विषयांवर निवासी डॉक्टरांना बोलते करायचे, अशी ती रीत.

फीत कशी चालवावी

हिंदी सिनेमा या कामासाठी भरपूर सामग्री देतो. राजकुमार हिराणी यांचा ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ २००३चा. अत्यवस्थ माणूस दारात असताना आधी फॉर्म भरायचा का, हा मुन्नाचा प्रश्न घ्या. फीत तिथेच थांबवून नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना विचारता येते, ‘तुमच्या खिडकीवर काय होते?’ उत्तरे आली की प्रशिक्षकाने कायदा सांगावा. १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की, जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, कागदपत्रे नंतर. आधी निकाल सांगितला असता तर तो वहीत उतरला असता. दृश्यानंतर सांगितला की तो खिडकीवर आठवतो.

त्याच चित्रपटात ओल्या फरशीवरून चालणाऱ्यांवर चिडणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याला मुन्ना मिठी मारतो. हा तुकडा डॉक्टरांना दाखवावा, आणि त्या वेळी सफाई कर्मचारीही खोलीत असावेत.

बासु चटर्जी यांच्या १९८६च्या ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये एका टेबलाभोवती बारा माणसे बसली आहेत आणि पहिल्या मतदानात अकराविरुद्ध एक अशी स्थिती आहे. भरती समित्या, कर्ज मंजुरीच्या बैठका, चौकशी समित्या यांच्यासाठी पहिल्या मतदानाची काही मिनिटे पुरतात. हात वर करण्याआधी कोण इकडेतिकडे बघतो, हे पाहायला सांगावे. सहकारी बँकेच्या संचालक मंडळाला हे दृश्य परके वाटणार नाही.

सगळेच चित्रपटांतून मिळत नाही, आणि मिळायची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. म्हणजे ही फीत मिनिटभराचीच हवी, आणि ती पाहताना सगळ्यांनी हात चोळत उभे राहावे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात आणि काचेची बाटली निळ्या खोक्यात. तक्ता भिंतीवर असतोच. पण एखाद्या सिस्टरच्या हातात वापरलेली सुई आहे आणि फीत तिथेच थांबते, तेव्हा ‘आता कुठे?’ या प्रश्नाला वीस जण एकदम उत्तर देतात. चुकीचे उत्तर देणाराही दुसऱ्या दिवशी चुकत नाही.

संशोधन दोन गोष्टींबाबत बऱ्यापैकी ठाम आहे. पहिली लांबीची. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख पाहण्याची सत्रे तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. दुसरी गोष्ट चुकीच्या नमुन्याची. पॉल टेलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वर्तन दाखवून शिकवण्याच्या ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसता योग्य नमुना दाखवण्यापेक्षा योग्य आणि अयोग्य असे दोन्ही नमुने दाखवले, तर शिकलेले कामाच्या जागी अधिक उतरले. आपल्याकडच्या प्रशिक्षणपटांत मात्र सगळेच गुणी असतात. इस्त्रीचा ॲप्रन घातलेला हसरा कर्मचारी सगळे बरोबर करतो आणि पाहणाऱ्याला त्यात आपण कुठेच दिसत नाही.

आपल्या गावचा माणूस

पडद्यावर कोण दिसतो, याचे महत्त्व भारतातच एका प्रयोगाने दाखवून दिले. ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झाला. रिकिन गांधी आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच शेतकऱ्यांचे छोटे व्हिडिओ करून ते गावातच दाखवायला सुरुवात केली. एक स्थानिक व्यक्ती फीत मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारे. कर्नाटकातल्या १६ गावांत, १,४७० कुटुंबांत १३ महिने चाचणी झाली. नेहमीच्या कृषी विस्ताराच्या तुलनेत नव्या पद्धती स्वीकारण्याचे प्रमाण सहा ते सात पट वाढले आणि दर स्वीकारामागचा खर्च किमान दहा पटींनी कमी ठरला. फीत पाहून शेतकरी सर्वांत आधी काय विचारत? या माणसाचे नाव काय आणि गाव कोणते? आपल्यासारखाच कोणी करतो आहे हे दिसले, की मन तयार होते.

हैदराबादसारख्या शहरात हा धडा फार कामाचा आहे. लाखो रुपये खर्चून इंग्रजीत बनवलेल्या, निवेदकाच्या खर्जातल्या आवाजाच्या फितीपेक्षा वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरने आपल्या तेलुगूत, उर्दूत किंवा मराठीत दोन मिनिटे दाखवलेले काम अधिक पोचते. त्यासाठी मोबाइलचा कॅमेरा, खिडकीतला उजेड आणि थोडे नियोजन एवढे पुरते.

पण मोबाइल सहज हाती आला, म्हणून काही पथ्ये अधिक कडक हवीत. रुग्णाचा चेहरा, नाव, केसपेपर फितीत येऊ नये. आलाच तर त्याच्या लेखी संमतीने. सीसीटीव्हीतला अपघात किंवा कर्मचाऱ्याची चूक प्रशिक्षणात वापरायची तर ओळख पुसून वापरावी. ज्याची चूक दाखवली तो खोलीत मान खाली घालून बसला असेल, तर बाकीचे एवढेच शिकतात की चूक लपवायला हवी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आता विसरून चालणार नाही.

दुसरे पथ्य मालकीचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, कर्मचारी आणि विद्यार्थी अशा मर्यादित प्रेक्षकांपुढे त्या चित्रपट दाखवू शकतात. कारखाना, बँक किंवा आयटी कंपनी ही त्या अर्थाने शिक्षणसंस्था नव्हे. इंटरनेटवरून तुकडा उतरवून कर्मचाऱ्यांना दाखवणे म्हणूनच धोक्याचे आहे. रीतसर परवाना घ्यावा किंवा स्वतःची फीत करावी. फितीतून सचोटी शिकवायची आणि फीत मात्र चोरीची, हे शोभत नाही.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. फीत हा प्रशिक्षकाचा पर्याय समजू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३च्या कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम नियमित घेणे मालकावर बंधनकारक केले आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगीमुळे सरकारी नोकरांचे पुष्कळ शिक्षण पडद्यावर आले आहे. ही सोय चांगली आहे. पण व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, प्रमाणपत्र निघाले आणि फाइल बंद झाली, एवढ्यावर समाधान मानले, तर फिल्म्स डिव्हिजनच्या काळातली उणीव नव्या यंत्रावर पुन्हा उभी राहते. पाहणारे असतात, बोलणारे नसतात.

उस्मानिया रुग्णालय आता स्थलांतराच्या उंबरठ्यावर आहे. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी शिरल्यावर जुनी वास्तू रुग्णांसाठी बंद करावी लागली. ३१ जानेवारी २०२५ रोजी जवळच्या गोशामहल इथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली असून तिथे दोन हजार खाटांची योजना आहे. नवी यंत्रे येतील, नवे मजले, नव्या वाटा येतील. हजारो डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आयाम्मा आणि सफाई कर्मचारी यांना त्या शिकाव्या लागतील. त्यांच्या प्रशिक्षणाचे पैसे कुठे खर्च होतील हे आत्ता ठरवण्याची वेळ आहे. ते महागड्या फितींवर कमी आणि चर्चा चालवू शकणाऱ्या माणसांवर जास्त खर्च व्हावेत. प्रत्येक विभागातून चर्चा चालवू शकतील असे दोन जण तयार करावेत, आणि जुन्या वास्तूतल्या निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्यांचे हात, त्यांची युक्ती, त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत आत्ताच चित्रित करून ठेवावे. ही माणसे गेल्यावर ते शिकवायला कोणी राहणार नाही.

हे आवाहन उस्मानियापुरते नाही. एसटीचा आगार, साखर कारखाना, पतपेढी, शाळा, नगरपालिका किंवा कंपनी, जिथे कुठे वाचकांपैकी कोणावर प्रशिक्षणाची जबाबदारी असेल, त्यांनी पुढच्या सत्रात पन्नास स्लाइडची पीपीटी बाजूला ठेवावी. पाच मिनिटांची एक फीत निवडावी. ती कुठे थांबवायची आणि थांबवून काय विचारायचे, हे आधी कागदावर लिहावे. उरलेली पंचवीस मिनिटे समोरच्यांना बोलू द्यावे, आणि महिन्याभराने त्यांच्या कामाच्या जागी जाऊन काय बदलले ते स्वतः पाहून यावे.